गाणारी 'को दाउ' आणि दारू ओतणारी 'को दाउ', दोघींत गल्लत नको

व्हिएतनामच्या जुन्या गायिकांबद्दल वाचायला घेतलं की 'को दाउ' हा शब्द येतोच, आणि लगेच कोणीतरी म्हणतं की अहो त्या तसल्याच बायका, हे ऐकून मला खरंच वाईट वाटतं. कारण हनोईत एकाच नावाखाली दोन वेगळ्या बायका होत्या. एक 'को दाउ हात', म्हणजे गाणारी, आणि दुसरी 'को दाउ रुउ', रुउ म्हणजे दारू.

गाणारीची कला म्हणजे 'का त्रू'. बैठक छोटीशीच, बाई चटईवर बसते, पुढ्यात बांबूची पट्टी, एका हातात अख्खी काठी, दुसऱ्या हातात दोन फाकांची, त्या पट्टीवर ताल धरत धरत ती स्वतःच गाते आणि तोंड फारसं उघडतच नाही, आवाज गळ्यात दाबून दाण्यादाण्यासारखा बाहेर काढते. हे ऐकायला सोपं वाटतं पण ताल आणि गळा दोन्ही एकाच बाईने सांभाळायचे, त्याला वर्षानुवर्षांची तालीम लागते. शेजारी एक पुरुष 'दान दाय' वाजवतो, तीन तारा, लांबलचक दांडी, आणि खोक्याला मागची बाजूच नाही. तिसरा चक्क ऐकणाऱ्यांपैकीच एक जाणकार, तो छोटा ढोल वाजवून दाद देतो, कातड्यावर 'तोम', लाकडावर 'चाट'. पूर्वी दाद म्हणून बांबूच्या चिपा द्यायचे आणि नंतर त्या मोजून पैसे मिळायचे, त्या चिपा म्हणजेच 'त्रू'. या गायिका गावच्या देवळासारख्या सभागृहात गायच्या, राजवाड्यातही गायच्या.

दारूवाली आली फ्रेंच अमलात. हनोईच्या खाम थिएन रस्त्यावर गाण्याची घरं वाढली, गिऱ्हाईक वाढलं, पण गाणाऱ्या काही एका दिवसात तयार होत नाहीत, मग दारू ओतायला आणि पाहुण्यांशी बोलत बसायला पोरी ठेवल्या, ज्यांना गाणं येतच नव्हतं. त्यांना मी नावं ठेवणार नाही, पोटासाठी आलेल्या पोरी त्या. पण घर एक, नाव एक, त्यामुळे बाहेरच्याला फरक कळायचा कसा? काठ्या कोणाच्या हातात आहेत ते बघितलं असतं तर कळलं असतं, पण बघतो कोण.

1945 नंतर ही घरं बंद पडली आणि सुक्याबरोबर ओलंही जळलं, पूर्ण का त्रूच बदनाम झाली, कित्येक गायिकांनी गाणं सोडलं, आपण गायचो हेसुद्धा लपवलं. युनेस्कोने 2009 ला तिला यादीत घेतलं ते तातडीने वाचवायची कला म्हणून.

त्याच्या कितीतरी आधी, 1976 ला, संगीत अभ्यासक त्रान वान खे यांनी का त्रू गायिका क्वाक थी हो यांचं गाणं टेप केलं. 1909 चा जन्म त्यांचा, म्हणजे सत्तरीला टेकलेल्या, आणि काठ्या अजून हातातच होत्या.