क्राकाटोआ: सगळ्या जगाने नोंदवलेला पहिला स्फोट

ज्वालामुखी म्हटलं की क्राकाटोआचं नाव हटकून निघतं. खरं तर त्याच्या आधी, १८१५ साली झालेला तांबोराचा उद्रेक कितीतरी मोठा होता. पण तेव्हा बातमी जहाजाच्या वेगाने फिरायची. १८८३ पर्यंत समुद्राखालून तारायंत्राच्या केबल पसरल्या होत्या आणि वेधशाळांमधून हवेचा दाब आपोआप नोंदवणारी यंत्रं चालू होती. क्राकाटोआची कीर्ती मुख्यतः त्यामुळे.

जावा आणि सुमात्रा यांच्यामधल्या सुंदा सामुद्रधुनीतलं हे बेट दोनशे वर्षं शांत होतं. २० मे १८८३ रोजी ते धुमसू लागलं. भीती वाटायची सोडून बटाव्हियातली, म्हणजे आजच्या जकार्तातली, हौशी मंडळी ‘लाउडन’ नावाच्या आगबोटीतून ते बघायला गेली. काहीजण तर बेटावर उतरून विवरापर्यंत चढले! तीन महिन्यांनी, २७ ऑगस्टच्या सकाळी दहाच्या सुमाराला शेवटचा महास्फोट झाला आणि बेटाचा मोठा भाग समुद्रात खचला. त्याचा आवाज सुमारे ४,८०० किलोमीटरवरच्या हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटावर ऐकू गेला. तिथल्या पोलीस प्रमुखाला वाटलं, दूर कुठेतरी तोफा डागताहेत. दाबाची लाट पृथ्वीभोवती फिरत राहिली आणि मुंबईसह जगभरच्या वायुभारमापकांवर पुढचे पाच दिवस पुन्हापुन्हा उमटत गेली.

माणसं मात्र बहुतांशी पाण्याने मेली. अधिकृत आकडा ३६,४१७. तीस मीटरपर्यंत उंच त्सुनामी लाटांनी मेराक, अन्येर ही किनाऱ्यावरची गावं धुऊन नेली. सुमात्राच्या लांपुंग उपसागरातल्या तेलुक बेतुंग बंदरातली ‘बेराव’ ही डच युद्धनौका दोन किलोमीटरहून जास्त आत, जंगलात जाऊन पडली. त्याच उपसागरात असलेली ‘लाउडन’ लाटेला सामोरी जाऊन वाचली.

गंधकाचे सूक्ष्म कण वातावरणात उंच चढून पंधरवड्यात पृथ्वीला फेरी मारून आले. नोव्हेंबरात अमेरिकेत संध्याकाळचं आकाश इतकं लालभडक दिसलं की आग लागली समजून बंब धावले. हे रंग कुठे, कोणत्या तारखेला दिसले याच्या नोंदी जुळवल्यावर विषुववृत्तावर खूप उंचीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे वारे वाहतात हे उमगलं. लंडनच्या रॉयल सोसायटीने हे सारं १८८८ च्या अहवालात मांडलं.

बुडालेल्या जागी १९२७ पासून ‘अनाक क्राकाटाऊ’, म्हणजे क्राकाटाऊचं पोर, वर येऊ लागलं. २२ डिसेंबर २०१८ च्या रात्री त्याचा एक उतार समुद्रात ढासळला आणि त्सुनामीने चारशेहून अधिक बळी घेतले. इशारायंत्रणा मोठ्या भूकंपावर बेतलेली होती. इथे तसा भूकंप झालाच नव्हता, त्यामुळे किनाऱ्यावर भोंगा वाजलाच नाही.