मंजुरी म्हणजे खरेदी नव्हे, भो

भुसावळात सकाळच्या चहाला पेपरची पानं वाटून घेतात. संरक्षणाची बातमी असली की ते पान ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेल्या कुणातरी काकांच्या हातात जातं आणि ते मोठ्याने वाचतात. डिसेंबर २०२३ च्या सुरुवातीला त्यांनी वाचलं की सव्वादोन लाख कोटींच्या सामग्रीला मंजुरी मिळाली. चहा संपेपर्यंत त्याचं 'घेतली भो, ९७ तेजस घेतली' झालं होतं. मी तेव्हा वाद घातला, आणि अजून घालतोच आहे.

विमानं घेतली नव्हती. ३० नोव्हेंबर २०२३ ला संरक्षण खरेदी परिषदेने, म्हणजे डीएसीने, २ लाख २३ हजार कोटींच्या सामग्रीची गरज मान्य केली होती. त्या यादीत ९७ तेजस लढाऊ विमानं होती. सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीचा होकार आला ऑगस्ट २०२५ मध्ये आणि करारावर सही झाली २५ सप्टेंबर २०२५ ला, ६२,३७० कोटींची. टपरीवर तिन्ही वेळा नवी विमानं आली. विमानं तीच ९७, आणि ती मिळायला सुरुवात २०२७-२८ पासून.

करार काय असतो हे खानदेशात कुणाला शिकवायला नको. इसार दिला, कागद झाला, आता मागे फिरलात तर नुकसान तुमचं. तसंच तेही. घोळ होतो तो मंजुरीपाशी.

रात्री जेवताना थोरला म्हणतो, बैलजोडी थकली, यंदा ट्रॅक्टर घेऊ. बाबा हो म्हणतात. एकच घ्यायचा, पंचेचाळीस एचपीचा, साधारण एवढे पैसे लागतील, इथलाच घ्यायचा की बाहेरचा, एवढं बोलणं होतं. ही झाली डीएसीची मंजुरी. सरकारी भाषेत एओएन, म्हणजे 'गरज आहे' एवढीच कबुली. त्या रात्री शोरूमवाल्याला पत्ताही नसतो. पुढे कोटेशन मागवायची, म्हणजे निविदा. मग ट्रॅक्टर आपल्या काळ्या मातीत चालवून बघायचा. सैन्याच्या बाबतीत ही चालवून बघण्याची पायरी वाळवंटातल्या उन्हात आणि लडाखच्या थंडीत होते, आणि ती वर्षं खाते. मग दराची पाकिटं उघडायची, सगळ्यात कमी दरवाल्याशी घासाघीस करायची, मोठी रक्कम असेल तर मंत्रिमंडळ समितीकडे जायचं, आणि त्यानंतर सही. तेजसची कंपनी पहिल्या दिवसापासून ठरलेली होती, दुसरा स्पर्धक नव्हता, तरी पावणेदोन वर्षांहून जास्त काळ गेला.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. ठरलेल्या मुदतीत निविदा निघाली नाही तर ही मंजुरी बादही होते. ट्रॅक्टर राहिला, बैलच नांगराला.

म्हणून मंजुरीचा आकडा हा अंदाज असतो, खर्च नव्हे. साधा ताळा करून बघा. त्या एका बैठकीतला आकडा २ लाख २३ हजार कोटी, आणि २०२३-२४ च्या अख्ख्या वर्षाची संरक्षणाची भांडवली तरतूद सुमारे १ लाख ६२ हजार कोटी. एका दुपारी वर्षाच्या पैशांपेक्षा जास्त खरेदी कशी होईल? होत नाही. पैसे करारानंतर हप्त्याहप्त्याने जातात.

राजकारण्यांना हा घोळ सोयीचा आहे, दोन्ही बाजूंच्या. सत्तेतला माणूस मंजुऱ्यांची बेरीज करून भाषणात आकडा फेकतो. तीच वस्तू मंजुरीत एकदा आणि करारात पुन्हा मोजली जाते. विरोधक उलट टोकाला. फ्रान्सच्या राफेल लढाऊ विमानांचा वाद आठवा. १२६ विमानांची निविदा २००७ ची. जानेवारी २०१२ मध्ये राफेल सगळ्यात स्वस्त ठरलं, त्यानंतर तीन वर्षं बोलणी चालली, सही काही झाली नाही, आणि २०१५ मध्ये ती प्रक्रिया गुंडाळली. ३६ विमानांचा करार झाला २३ सप्टेंबर २०१६ ला. २०१८-१९ च्या प्रचारात मात्र सही न झालेल्या १२६ चा दर आणि सही झालेल्या ३६ चा दर शेजारी मांडून गावोगाव गणितं चालली. ३६ वर प्रश्न जरूर विचारा, पण ज्या सौद्याचा इसारच दिला नव्हता त्याचा भाव पक्का धरून नको. भाव पडला की व्यापारी केळीची बोललेली बाग सोडून जातो, हे रावेर-यावलच्या माणसाने तरी ओळखायला हवं होतं.

डीएसी आणि मंत्रिमंडळ समिती यांतला फरक एका ओळीचा: पहिलीचे अध्यक्ष संरक्षणमंत्री, दुसरीचे पंतप्रधान.

मला खरा राग येतो तो चौकातल्या फ्लेक्सचा. मंजुरीच्या दुसऱ्या दिवशी विमानाच्या फोटोखाली हात जोडलेले भाऊ, दादा, आणि खाली सात शुभेच्छुक. सही होते तेव्हा यातलं एकही तोंड दिसत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिनाका या सैन्याच्या रॉकेट डागणाऱ्या यंत्रणेच्या रॉकेटांसाठी १०,१४७ कोटींचे करार झाले. त्यातला एक म्युनिशन्स इंडियाशी. २०२१ मध्ये आयुध निर्माण्यांच्या सात कंपन्या झाल्या, त्यांपैकी ही एक, आणि आपली वरणगावची फॅक्टरी हिच्यातच येते. ती रॉकेटं वरणगावात होतात असं मी म्हणत नाही, तिथलं काम बंदुकीच्या गोळ्यांचं. पण कंपनी तीच, आणि यावेळी कागदावर सह्या झालेल्या. टपरीवर त्या सकाळी काका केळीचा भाव वाचत होते.