अडलेल्या आतड्याला जाळीची वाट

मोठ्या आतड्यातली कॅन्सरची गाठ बरेचदा गुपचूप वाढते. डाव्या बाजूला आतडं मुळातच अरुंद असतं, आणि तिथे पोचेपर्यंत मळही घट्ट झालेला असतो. म्हणून वाट पूर्ण बंद होण्याचे प्रकार याच बाजूला जास्त. शौच होत नाही, वारा सरत नाही, पोट फुगून टणक होतं. लहान आणि मोठ्या आतड्यामधली झडप घट्ट मिटणारी असेल तर दाबाला मागे सरकायलाही जागा उरत नाही. सगळा ताण उजवीकडच्या सीकमवर, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागावर येतो, कारण आतड्याचा व्यास तिथे सर्वांत मोठा. ते फुटलं तर जिवावर बेततं.

पूर्वी अशा वेळी तातडीचं ऑपरेशन हाच मार्ग होता. पेशंट थकलेला, शरीरातलं पाणी कमी झालेलं, आतडं मळाने भरलेलं. अशा अवस्थेत आतडं लगेच जोडणं धोक्याचं, म्हणून अनेकदा पोटावर स्टोमा, म्हणजे मळ बाहेर येण्यासाठी आतड्याचं तोंड काढून पिशवी लावावी लागते. १९९० च्या दशकात स्टेंटचा, म्हणजे अडलेली वाट आतून उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळीचा पर्याय पुढे आला.

हा स्टेंट बहुधा निकेल-टायटेनियमच्या मिश्रधातूचा, म्हणजे निटिनॉलचा असतो. शरीराच्या उष्णतेत तो आपला ठरलेला आकार परत घेतो. जेमतेम तीन मिलिमीटर जाडीच्या नळीत दाबून बसवलेली ही जाळी उघडल्यावर दोन सेंटीमीटरहून रुंद होते. गुदद्वारातून एंडोस्कोप, म्हणजे कॅमेरा असलेली लवचीक नळी गाठीपर्यंत नेतात. गाठीतल्या चिंचोळ्या फटीतून एक लवचीक तार पलीकडे सरकवायची असते, आणि खरी कसोटी तिथेच लागते. एक्स-रेच्या पडद्यावर पाहत, तारेवरून स्टेंट नेऊन हळूहळू सोडतात. सुरुवातीला जाळीची कंबर गाठीच्या जागी आवळलेली दिसते. पण बऱ्याचदा तेवढ्यातच साठलेला वायू आणि पातळ मळ धो-धो वाहू लागतो. वाट मोकळी झाल्याची याहून चांगली खूण नाही! जाळी पुरती उघडायला एक ते तीन दिवस लागतात.

स्टेंटने कॅन्सर बरा होत नाही. त्याने वेळ मिळतो, आणि माझ्या मते या उपचाराचं मोल त्यातच आहे. गाठ काढता येण्यासारखी असेल तर त्या अवधीत सलाईन, तपासण्या, पोषण सगळं मार्गी लागतं आणि ऑपरेशन ठरवून, शांतपणे करता येतं. स्टोमाची गरजही कमी लागते. आजार सर्वत्र पसरला असेल, तर उरलेले दिवस पिशवीविना घालवता येणं ही लहान गोष्ट नव्हे.

धोके मात्र आहेत. आतड्याला भोक पडणं हा सर्वांत गंभीर. स्टेंट जागचा सरकू शकतो, किंवा गाठ जाळीतून आत वाढून वाट पुन्हा अडवते. आतडं आधीच फुटलेलं असेल तर स्टेंट घालत नाहीत. गाठ गुदद्वाराच्या अगदी जवळ असेल तर वेदना आणि सततची कळ यांमुळे तो सहसा टाळतात. बेव्हॅसिझुमॅबसारखी, गाठीचा रक्तपुरवठा रोखणारी औषधं चालू असतील किंवा पुढे द्यायची असतील, तर भोक पडण्याचा धोका वाढतो. त्यामुळे स्टेंट घालण्याआधी सर्जन, एंडोस्कोपी करणारे डॉक्टर आणि केमोथेरपी देणारे डॉक्टर यांनी एकत्र बसून निर्णय घ्यायला हवा.