शेवळांची खाज आणि कॉलेजचा वर्ग

पावसाळा तोंडावर आला की ठाण्याच्या बाजारात आदिवासी बायका शेवळं या रानभाजीच्या जुड्या घेऊन बसतात. शेजारीच काकडं या आंबट रानफळांचे वाटे. नवख्या गिऱ्हाइकाला त्या बजावतात, "काकडं घातल्याबिगर शिजवू नको, घसा खाजंल."

समजा, अशाच एका वारली बाईची मुलगी येऊरच्या पाड्यावरून उतरून ठाण्यातल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकतेय. एक दिवस वर्गात कळतं, सुरणाच्या कुळातल्या झाडांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, तेच घशाला टोचतात. शेवळंही त्याच कुळातली. इतके दिवस जिचं बोलणं अडाणी वाटायचं, त्या आईला हे आधीपासून ठाऊक होतं!

अशा क्षणापासून जे सुरू होऊ शकतं, त्याला परिवर्तनकारी अध्ययन म्हणतात. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जॅक मेझिरो यांनी १९७८ मध्ये ही कल्पना मांडली, आणि तिचा पाया बायकांच्याच अनुभवावर आहे. सुटलेलं शिक्षण पुन्हा सुरू करणाऱ्या ८३ जणींचा त्यांनी अभ्यास केला होता. त्यांची पत्नी एडी हीसुद्धा मोठेपणी कॉलेजात परतली होती. माहितीत भर पडते तेव्हा माणूस तोच राहतो. इथे मात्र तो स्वतःकडे ज्या नजरेने पाहतो, ती नजरच बदलते. आधी जुनी समजूत लागू पडेनाशी होते, मग ती तपासून पाहिली जाते, इतरांशी बोलणं होतं आणि माणूस नव्या भूमिकेत हळूहळू रुळतो.

मेझिरोंचा भर एकट्या माणसाच्या तर्कावर होता, अशी टीका पुढे झाली. मला ती पटते. आदिवासी मुलीचं शिकणं एकटीचं नसतं. त्यात जंगल, बोली आणि घरची म्हातारी माणसंही असतात. वारल्यांचं लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे बाईच. लग्नचौक, म्हणजे लग्नघरातल्या भिंतीवरचं चित्र, तोही बायकाच लिहितात. अशा घरातून आलेल्या मुलीला वर्गात 'मागास' ठरवलं जातं, तेव्हा नजर बदलायची गरज तिच्याआधी वर्गाला असते.

आपण शेवळाचा जो कोंब खातो, तो खरं तर फुलोरा. पान त्याच्यामागून येतं. हे दाखवायला प्रात्यक्षिकाच्या तासाला बाजारातल्या त्या बाईलाच बोलावलं, तर तिची मुलगी त्या दिवशी कुठल्या बाकावर बसेल, हे मला पाहायचंय.