स्थलांतर आणि परागज्वर

परदेशी राहायला गेल्यावर नाक, डोळे आणि श्वासनलिका यांच्या ॲलर्जीत होणारे बदल हा या नोंदीचा विषय आहे. परागज्वर हा ॲलर्जीचा (जुन्या परिभाषेत अधिहर्षतेचा) एक प्रकार. नावात ज्वर असला तरी ताप येत नाही. सटासट शिंका, पाण्यासारखे वाहणारे नाक, चुरचुरणारे डोळे, टाळूला आणि कानाच्या आत सुटणारी खाज ही त्याची लक्षणे. जॉन बोस्टॉक या इंग्रज डॉक्टरने १८१९ मध्ये त्याचे पहिले नीट वर्णन केले, तेही स्वतःच्याच दुखण्याचे. मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी १८७३ मध्ये गवताचे पराग हे त्याचे कारण असल्याचे स्वतःवर प्रयोग करून दाखवले. ‘ॲलर्जी’ हा शब्द त्यानंतरचा, क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये घडवलेला.

‘सर्दीचा कोठा’ असलेला माणूस परदेशी गेला की दोहोंपैकी एक गोष्ट कळवतो : तिकडची हवा मानवली, किंवा तिकडे गेल्यापासून सर्दी पिच्छा सोडत नाही. दोन्ही खरे असते. पुष्कळदा ते एकाच माणसाच्या बाबतीत, चार-पाच वर्षांच्या अंतराने, खरे असते.

पहिले मोसम सुखाचे का जातात

शरीराला ज्याची ओळख नाही त्याची ॲलर्जी होत नाही. नवे पराग नाकात गेल्यावर त्यांतील प्रथिनांविरुद्ध आयजीई जातीची प्रतिपिंडे तयार व्हावी लागतात. ती नाकाच्या अस्तरातील मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या खेपेला तेच पराग आले की या पेशी हिस्टामिन हे रसायन सोडतात आणि शिंका सुरू होतात. ही पूर्वतयारी एका मोसमात क्वचितच पुरी होते. मिलानमध्ये युरोपबाहेरून आलेल्या स्थलांतरितांची पाहणी झाली, तेव्हा त्यांना पहिली लक्षणे दिसली ती तिथे आल्यावर सरासरी चार ते पाच वर्षांनी. त्यामुळे पहिल्या दोन वसंतांत काही झाले नाही, यावरून पुढचे काही सांगता येत नाही. जुनी कारणे मागे राहिलेली असतात आणि नव्यांची ओळख व्हायची असते. ही मधली सवलत संपली की त्रास ‘अचानक’ सुरू झाल्यासारखा वाटतो, आणि पहिला मोसम बहुधा लांबलेली सर्दी समजून प्रतिजैविके घेण्यात वाया जातो. सर्दी साधारण आठवडा-दहा दिवसांत बरी होते आणि तिच्यात डोळ्यांना फारशी खाज नसते; परागज्वर आठवडेच्या आठवडे टिकतो आणि कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी वाढतो. एकाच नाकपुडीतून सतत वाहणे किंवा रक्त येणे ही मात्र ॲलर्जीची लक्षणे नव्हेत. ती डॉक्टरांना दाखवावीत.

मोसम पुढे सरकतो तसे नाक अधिक हुळहुळे होते. सुरुवातीला ज्या मात्रेने काही होत नव्हते, तिच्या अंशानेही शेवटी शिंका येतात. म्हणून हवेतील पराग कमी झाल्याची बातमी आल्यावरही काही दिवस आराम पडत नाही.

वनस्पतींचे नाते

नव्या देशात त्रास लवकर होणार की उशिरा, हे तिथली झाडे तुमच्या जुन्या झाडांच्या किती नात्यातली आहेत यावर ठरते. जवळच्या कुळातील वनस्पतींची प्रथिने इतकी सारखी असतात, की एकीविरुद्धची प्रतिपिंडे दुसरीलाही धरतात.

पुण्या-मुंबईकडच्या माणसासाठी याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे गाजर गवत. मूळ अमेरिकेतील हे तण भारतात प्रथम १९५० च्या दशकात पुण्यात नजरेस आले आणि पुढे काँग्रेस गवत या नावाने देशभर पसरले. उत्तर अमेरिकेतील रॅगवीड त्याच्याच, म्हणजे सूर्यफुलाच्या कुळातले, आणि एकाच्या परागांविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्याच्या परागांनाही धरतात हे प्रयोगांनी दिसून आले आहे. गाजर गवताने ज्याचे नाक इथेच वाहत होते, त्याला शिकागोत किंवा टोरँटोत पहिल्याच ऑगस्टमध्ये शिंका सुरू होऊ शकतात. चार वर्षे थांबावे लागत नाही. रॅगवीडचा मोसम ऑगस्टच्या मध्यापासून पहिल्या हिमतुषारापर्यंत चालतो. (गाजर गवताने अंगावर उठणारा चट्टा ही वेगळ्या यंत्रणेची गोष्ट आहे. त्यावरून नाकाचे भाकीत करू नये.)

गवतांचे उलटे आहे. आपल्याकडची हरळी, म्हणजे गणपतीला वाहतात त्या दूर्वा, आणि युरोपातील टिमोथी किंवा राय गवत एकाच कुळातले असले तरी उपकुळे वेगळी आहेत, आणि त्यांची प्रथिने थोडीच जुळतात. हरळीची ॲलर्जी असलेला इंग्लंडात काही वर्षे सुखात राहू शकतो. पण तिथे परागज्वराच्या सुमारे ९५ टक्के रुग्णांना गवतच छळते, तेव्हा त्याची पाळीही येऊ शकते. आखातात गेलेल्याला अशी मोकळीक मिळत नाही : आपल्याकडचीच वेडी बाभूळ तिथे हिरवाईसाठी भरपूर लावली गेली आहे आणि हिरवळीत हरळी असते.

बर्च हे उत्तर युरोपातले वसंतातील मुख्य कारण. ज्याच्या सालीवर पोथ्या लिहीत तो हिमालयातला भूर्ज याच प्रजातीतला. महाराष्ट्राच्या मैदानी हवेत मात्र त्याचे पराग नसल्याने इथून गेलेल्यांची त्याच्याशी ओळख तिकडेच होते. ब्रिटनमध्ये बर्च मार्चअखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत, गवत मेच्या मध्यापासून जुलैपर्यंत आणि तणे जूनअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत असा क्रम असतो. गवताचा भर नेमका परीक्षांच्या दिवसांत येतो. सोळाव्या वर्षी होणाऱ्या शालान्त परीक्षेविषयीच्या २००७ च्या एका अभ्यासात, परागज्वराची लक्षणे असलेल्या मुलांची सराव परीक्षेपेक्षा श्रेणी घसरण्याची शक्यता ४० टक्क्यांनी अधिक आढळली. झोप आणणाऱ्या जुन्या गोळ्या घेणाऱ्यांत ती त्याहून जास्त होती.

जपानचा त्रास मानवनिर्मित म्हणावा असा. दुसऱ्या महायुद्धानंतर उजाड डोंगरांवर सुगी या सूचिपर्णी झाडाची प्रचंड लागवड झाली. १९६४ मध्ये निक्को भागातून त्याच्या परागज्वराची पहिली नोंद झाली आणि २०१९ च्या देशव्यापी पाहणीत सुमारे ३९ टक्के लोकांना तो असल्याचे आढळले. फेब्रुवारी ते एप्रिल सुगी आणि त्याच्या शेपटाला त्याचेच नातेवाईक हिनोकी. टेक्ससमध्ये ‘सिडर’ म्हणून ओळखला जाणारा एक जुनिपर ऐन हिवाळ्यात, डिसेंबर ते फेब्रुवारी, पराग सोडतो, त्यामुळे ऑस्टिनकडे नोकरीला गेलेला माणूस त्याला थंडीची सर्दी समजतो. मेलबर्नला ऋतू उलटे : गवताचा मोसम ऑक्टोबर ते डिसेंबर.

घरातली कारणे

बारमाही नाक चोंदणे बहुतेकदा परागांचे नसून गाद्या-उशांत राहणाऱ्या माइट या डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांचे असते. हवेतील सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांखाली दीर्घकाळ राहिली की ते सुकून मरतात. कोकणातून डेन्व्हरसारख्या उंच, कोरड्या गावी गेलेल्याला महिन्याभरात बरे वाटते ते यामुळे. उलट ब्रिटनमधील जुन्या, दमट, भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा असलेल्या घरात ते सुखाने नांदतात, आणि हिवाळ्यात बंद खिडक्या आणि आत वाळत घातलेले कपडे ओल वाढवतात. उपाय नीरस पण निश्चित आहे : गादी-उशीला माइट-रोधक खोळ, चादरी-अभ्रे आठवड्यातून एकदा ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात, झोपण्याच्या खोलीत शक्यतो गालिचा नाही. चाळीस अंशांवर कपडे स्वच्छ होतात, किडे मात्र बरेचसे जगतात. भारतात झुरळांची ॲलर्जी असलेल्यांना परदेशी जुन्या इमारतीत तीच पुन्हा भेटू शकते.

पाहण्या काय सांगतात

अमेरिकेत २००७-०८ च्या राष्ट्रीय पाहणीत तिथे जन्मलेल्या मुलांपैकी ३४.५ टक्के मुलांना कुठला ना कुठला ॲलर्जीचा विकार होता, तर परदेशी जन्मलेल्यांपैकी २०.३ टक्के मुलांना. मात्र दहा वर्षांहून अधिक काळ राहिलेल्या मुलांत प्रमाण नवागतांपेक्षा बरेच जास्त होते. १९६६ च्या चक्रीवादळानंतर पॅसिफिकमधील टोकेलाउ बेटांवरून बरेच लोक न्यूझीलंडला गेले. बेटावर राहिलेल्या मुलांत दम्याचे प्रमाण ११ टक्के, तर तिकडे गेलेल्यांत २५ टक्के निघाले. वंश तोच होता, भोवताल बदलला होता. जर्मनीत तर माणसे जागची हललीही नाहीत, देशच बदलला : पूर्व जर्मनीतल्या लाइपझिगमधील ९ ते ११ वर्षांच्या मुलांत एकीकरणानंतर लगेच परागज्वर २.३ टक्के होता, तो चार वर्षांनी ५.१ टक्के झाला. दम्याचे प्रमाण मात्र तेवढेच राहिले. १९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅचन यांनी मांडलेला ‘फार स्वच्छतेचा’ सिद्धांत (बालपणी संसर्ग कमी झाल्याने ॲलर्जी वाढते, असा) इथे नेहमी पुढे केला जातो. पण त्याने सगळे उलगडत नाही. लाइपझिगची ही मुले ३ वर्षांची होईपर्यंत जुनीच राजवट होती, आणि वाढ तरीही झाली.

फळे आणि वादळे

बर्चची ॲलर्जी जडली की काही वर्षांनी कच्चे सफरचंद, पीच, गाजर किंवा हेझलनट खाल्ल्यावर ओठ-टाळू खाजू लागतात. फळात बर्चसारखेच प्रथिन असते, आणि ते उष्णतेने मोडते, म्हणून शिजवलेले सफरचंद चालते. सोयादुधाबाबत सावध राहावे. पेलाभर एकदम प्यायल्यास त्रास तोंडापुरता न राहता गंभीर होऊ शकतो. रॅगवीडवाल्यांना केळे, टरबूज आणि काकडी अशीच खाजवतात. आतापर्यंत निर्धास्त खाल्लेले फळ चाळिशीत बाधले, तर ‘फवारणी केली असेल’ असे म्हणण्याआधी परागांचा विचार करावा.

मेलबर्नचे प्रकरण अधिक गंभीर. राय गवताचे पराग वादळी पावसाआधीच्या ओल्या हवेत फुटतात. अख्खा पराग नाकात अडकतो, पण त्याचे बारीक तुकडे थेट फुप्फुसात जातात. २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी अशा वादळाने दहा जणांचा जीव घेतला आणि तीस तासांत नेहमीपेक्षा तीन हजारांहून अधिक जादा श्वसनरुग्ण इस्पितळांत आले. त्यांत भारतीय आणि अन्य आशियाई वंशाचे लोक त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फारच जास्त होते, आणि अनेकांना आधी दमा असल्याचे माहीतच नव्हते, केवळ परागज्वर होता. तिथे राहणाऱ्याने वसंतात वादळाचा इशारा असेल तेव्हा वारा सुटण्यापूर्वीच घरात येऊन खिडक्या आणि बाहेरची हवा ओढणारा एसी बंद करावा. धाप लागल्यास सॅल्ब्युटॅमॉल (श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध) स्पेसर या नळकांड्यामधून एकेक करून चार फवारे, प्रत्येकी चार श्वास, मग चार मिनिटे थांबणे, फरक नसल्यास पुन्हा चार आणि ००० या आपत्कालीन क्रमांकाला फोन, ही तिथली प्रथमोपचाराची रीत आहे.

तपासणी आणि औषधे

त्वचाचाचणीत कातडीवर संशयित पदार्थाच्या अर्काचा थेंब ठेवून टोचतात आणि १५ ते २० मिनिटांनी गांधी मोजतात. साध्या द्रावणाच्या थेंबापेक्षा ती ३ मिमी वा अधिक मोठी असली तर सकारात्मक. चाचणीआधी ५ ते ७ दिवस सेटिरिझिनसारख्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात. हे न सांगितल्याने पुष्कळ चाचण्या फुकट जातात. अर्कांची यादी देशागणिक वेगळी असते. मुंबईत केलेल्या चाचणीत बर्च नसण्याची शक्यता मोठी, आणि बोस्टनच्या यादीत गाजर गवत नसेल. म्हणून जुना अहवाल जपावा, पण त्यावर विसंबू नये. चाचणी सकारात्मक आली आणि त्या परागांच्या मोसमात काही होत नसेल, तर त्याला रोग म्हणत नाहीत.

औषधांत नाकात मारायचा स्टेरॉइड फवारा (फ्लुटिकासोन, मोमेटासोन) सर्वांत परिणामकारक, आणि सर्वांत चुकीने वापरला जाणारा. तो शिंका आल्यावर घ्यायचा नसून मोसमाच्या दोन आठवडे आधी सुरू करून रोज घ्यायचा असतो. मान किंचित पुढे, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, फवाऱ्याचे तोंड कानाच्या दिशेने. मधल्या पडद्यावर मारल्यास घोळणा फुटतो, आणि जोरात ओढल्यास औषध घशात उतरते. नाक तत्काळ मोकळे करणारे थेंब (झायलोमेटाझोलिन) पाच-सात दिवसांपलीकडे वापरले, की थेंबच नाक चोंदवू लागतात. फेक्सोफेनाडिन संत्र्याच्या वा सफरचंदाच्या रसाबरोबर घेतल्यास रक्तात कमी पोचते; पाण्याबरोबर घ्यावे. सामानात औषधे नेताना नियम पाहावेत : जपानमध्ये १० टक्क्यांहून अधिक स्यूडोएफेड्रिन असलेली गोळी नेणे बेकायदा आहे.

जलनेती उपयोगी आहे, पण पाणी उकळून गार केलेले हवे. नळाच्या पाण्यातील अमीबाने क्वचित मेंदूला संसर्ग होतो. तीन चमचे बिनआयोडीनचे मीठ आणि एक चमचा खायचा सोडा मिसळून ठेवून त्यातले एक चमचा २४० मिली कोमट पाण्यात घालावे. चुरचुरले तर मिश्रण कमी करावे.

ॲलर्जनची (ॲलर्जी आणणाऱ्या पदार्थाची) इंजेक्शने किंवा जिभेखालच्या गोळ्या हा एकच उपाय मूळ प्रवृत्ती बदलतो. त्याला साधारण तीन वर्षे लागतात. म्हणून व्हिसाची मुदत दोन वर्षांची असेल, तर सुरू करण्यापूर्वी विचार करावा. अर्क देशोदेशी जुळत नसल्याने मधूनच दुसरीकडे चालू ठेवणे कठीण जाते. गवताच्या गोळ्या मोसमाच्या तीन-चार महिने आधी सुरू होतात आणि पहिली डॉक्टरांसमोर घेतली जाते.

पळून जाणे

हवापालट हा जुना उपाय. अमेरिकेत १८७४ मध्ये न्यू हॅम्पशरच्या बेथलेहेम या डोंगरी गावी परागज्वराच्या पीडितांची संघटना स्थापन झाली. ऐपतदार मंडळी ऑगस्टमध्ये तिथे जाऊन राहत. पुढे लोक ॲरिझोनाच्या वाळवंटाकडे वळले, पण जाताना सावलीसाठी तुती आणि ऑलिव्हची झाडे आणि अंगणासाठी हरळी घेऊन गेले. तिथल्या टूसॉन शहराच्या हवेत इतके पराग साठले, की १९८० च्या दशकात पीमा काउंटीने तुती आणि ऑलिव्हच्या नव्या लागवडीवर निर्बंध घातले.