घरगुती नेटवर्क प्रयोगशाळा

राउटर, स्विच, फायरवॉल आणि सर्व्हर यांची राहत्या घरात शिकण्यासाठी व प्रयोगांसाठी केलेली मांडणी म्हणजे घरगुती नेटवर्क प्रयोगशाळा. जाणकार तिला होमलॅब किंवा नुसते लॅब म्हणतात. घरातल्या फोन-टीव्हीला इंटरनेट पुरवायला एक छोटा वायफाय राउटर पुरतो. लॅबचे काम वेगळे. मोठ्या कंपनीच्या चालत्या नेटवर्कवर जे करून पाहायची कोणाची छाती होत नाही, ते इथे बिनधास्त करता येते. मुद्दाम चुकीचे कॉन्फिगरेशन टाकायचे, केबल उपटायची आणि गाडी रुळावर यायला किती वेळ लागतो ते मोजायचे.

या छंदाला जोर आला तो परीक्षांमुळे. सिस्को या नेटवर्क यंत्रांच्या कंपनीने १९९३ मध्ये सीसीआयई ही नेटवर्क तज्ज्ञांची परीक्षा सुरू केली. तिचा प्रात्यक्षिक भाग आधी दोन दिवस चाले. २००१ पासून तो आठ तासांत आटोपू लागला. उत्तीर्ण झालेल्याला जो क्रमांक मिळतो, त्याची मोजणी १०२४ पासून होते, आणि तो पहिला क्रमांक कोणा माणसाला न देता खुद्द परीक्षेच्या लॅबलाच देण्यात आला. लॅबला या मंडळींत काय मान आहे, ते एवढ्यावरून कळावे. परीक्षेसाठी खऱ्या यंत्रांवर हात बसणे भाग होते आणि नवी यंत्रे आवाक्याबाहेरची. मग कंपन्यांनी मोडीत काढलेले सिस्कोच्या २५०० आणि २६०० मालिकेतले राउटर उमेदवारांच्या घरी येऊ लागले. लांब पल्ल्याची लाइन भासवायला दोन राउटरांचे सिरीयल पोर्ट थेट एकमेकांना जोडत. केबलच्या डीसीई, म्हणजे वेगाचा ठेका देणाऱ्या, टोकाकडच्या राउटरला तो ठेका, म्हणजे ‘क्लॉक रेट’, सांगायचे राहिले की लाइन काही उठत नसे, आणि नवशिक्याची संध्याकाळ त्यातच जाई.

२००५ मध्ये आलेल्या डायनॅमिप्स या प्रोग्रॅमने चित्र पालटले. सिस्को राउटरचे खरे सॉफ्टवेअर साध्या संगणकावर चालू लागले, आणि त्याला जीएनएस-३ या प्रोग्रॅमचा चित्ररूप पडदा मिळाल्यावर एका लॅपटॉपमध्ये अख्खी लॅब मावू लागली. राउटिंग, म्हणजे डेटाच्या वाटा ठरवणे, शिकायला आज एवढे पुरते, आणि त्यासाठी यंत्रे बसवायचा रॅक विकत घेणे हा शुद्ध हौसेचा मामला आहे. पण अर्धवट तुटलेली तार, मळलेले फायबरचे टोक किंवा एकमेकांशी न जमणारे ऑप्टिकल मॉड्यूल अशी दुखणी सॉफ्टवेअरमध्ये सहसा भेटत नाहीत. ती खऱ्या लोखंडातच भेटतात.

तज्ज्ञाची लॅब बहुधा १९ इंच रुंदीच्या प्रमाणित रॅकवर उभी असते. उंची ‘यू’मध्ये मोजतात; एक यू म्हणजे १.७५ इंच, ४४.४५ मिलिमीटर. पाहायला आलेल्या हौशी मंडळींची नजर आधी लुकलुकणाऱ्या दिव्यांवर आणि रॅकच्या उंचीवर जाते. मुरलेला माणूस मात्र मागच्या बाजूला जाऊन वाकून पाहतो. केबलच्या दोन्ही टोकांना लेबल आहे का? वीज पुरवणाऱ्या तारा डेटाच्या तारांपासून वेगळ्या नेल्या आहेत का? आणि तारा प्लास्टिकच्या टायने करकचून आवळल्या आहेत, की वेल्क्रोच्या पट्टीने सैल बांधल्या आहेत? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात बोलका. टाय कापावा लागतो, वेल्क्रो सोडता येतो. फोटोत देखणी दिसणारी, कंगव्याने विंचरल्यासारखी केबलिंग पुष्कळदा हेच सांगते की इथे आता काही बदलत नाही.

कौतुकाची आणखी एक जागा म्हणजे टर्मिनल सर्व्हर. त्याच्या एका पोर्टातून आठ शेपट्यांची केबल निघते आणि प्रत्येक शेपूट एकेका यंत्राच्या कन्सोल पोर्टात, म्हणजे थेट आज्ञा देण्याच्या पोर्टात, जाते. चुकीच्या आज्ञेने राउटरचे नेटवर्क स्वतःच बंद पाडले, तरी ९६०० बॉड वेगाच्या या मागच्या दाराने आत शिरता येते. लॅब खरोखर वापरातली आहे याची ही पक्की खूण.

लॅबमध्ये नेमके काय शिकता येते, ते एका प्रयोगातून दिसते. ओएसपीएफ, म्हणजे राउटरांनी आपापसांत वाटा ठरवण्याची पद्धत, चालवणारे दोन राउटर थेट केबलने जोडले आणि केबल उपटली, तर पोर्ट लगेच पडतो आणि वाहतूक जवळजवळ तत्काळ दुसऱ्या वाटेला लागते. आता त्याच दोघांच्या मध्ये एक स्विच ठेवा आणि पलीकडची केबल उपटा. अलीकडच्या राउटरचा पोर्ट अजून जिवंतच आहे, त्यामुळे शेजारी गेल्याचे त्याला कळत नाही. दर १० सेकंदांनी येणारा ‘हॅलो’ हा हजेरीचा संदेश येईना, तरी तो ४० सेकंदांची मुदत संपेपर्यंत डेटाची पॅकेट खड्ड्यात टाकत बसतो. पिंग, म्हणजे पोहोच तपासणारी चाचणी, चालू ठेवून ही ४० सेकंदे एकदा पाहिली, की शेजारी गेल्याचे झटकन ओळखणारी बीएफडी ही पद्धत कशासाठी असते हे वेगळे शिकवावे लागत नाही.

त्रासाचा भागही आहे. एक यू उंचीच्या यंत्रात ४० मिलिमीटरचे पंखे बसवतात. पुरेशी हवा खेचायला ते मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे घेऊ शकतात, आणि त्यांची किंचाळी बंद दाराआडूनही ऐकू येते. ३०० वॅट खाणारी लॅब अखंड चालू ठेवली तर वर्षाला २,६२८ युनिट वीज जाते, आणि ती सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीतच उतरते. म्हणून जुन्या अवजड सर्व्हरच्या जागी हातात मावणारे छोटे संगणक आणि प्रॉक्समॉक्ससारखी, एकाच यंत्रावर अनेक संगणक भासवणारी आभासीकरणाची साधने आली आहेत.

घर आणि लॅब यांत भिंत हवी, ही शिस्त मात्र बहुतेकांना उशिरा लागते. एकाच जाळ्याचे वेगळे भाग पाडणारे ८०२.१क्यू पद्धतीचे व्हीलॅन त्यासाठीच वापरतात. १२ बिटांच्या क्रमांकामुळे एका जाळ्यात अशी ४,०९४ दालने पाडता येतात, घराला चार-पाच पुरतात. तरीही डीएनएस, म्हणजे संकेतस्थळांच्या नावांवरून पत्ते शोधून देणारी सेवा, लॅबमधल्या सर्व्हरवर ठेवण्याचा मोह होतोच. मग सर्व्हर बसला की आतल्या खोलीतून “नेट गेलं!” अशी हाक येते.

ज्यांना स्वतःच्या चार भिंती अपुऱ्या वाटतात, त्यांच्यासाठी डीएन-४२ हे स्वयंसेवी जाळे आहे. जगभरच्या लॅब त्यात एनक्रिप्टेड बोगद्यांनी जोडलेल्या असतात आणि आपापसांत बीजीपी बोलतात, म्हणजे खऱ्या इंटरनेटवर सेवा-पुरवठादार बोलतात तीच भाषा. पत्ते १७२.२० पासून १७२.२३ पर्यंतच्या खासगी टापूतले असल्याने कोणी चुकीचा मार्ग जाहीर केला तरी बाहेरच्या जगाला झळ लागत नाही. सभासदांची नोंदवही गिट या बदल टिपणाऱ्या साधनात ठेवलेली असते. नवा माणूस तिच्यात बदल सुचवून स्वतःच्या जाळ्याची ओळख असलेला एएस क्रमांक आणि पत्ते मागतो आणि मग पहिला शेजारी शोधायला लागतो.