ग्रंथालयांतील स्मृतिवस्तू, बडोदे

थोर व्यक्तींच्या वापरातील चष्मा, लेखणी, टाचणवह्या, स्वतःची पुस्तके अशा वस्तू ग्रंथसंग्रहाबरोबर जतन केल्या जातात, त्यांना ग्रंथालयीन स्मृतिवस्तू म्हणता येईल. वारसांनी दप्तर, म्हणजे कागदपत्रे, दिले की त्यासोबत अशा चीजवस्तूही येतात. सर्वांत गाजलेला संच वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. १४ एप्रिल १८६५ रोजी गोळी लागली तेव्हा अब्राहम लिंकन यांच्याजवळ दोन चष्मे (एक दोऱ्याने बांधून चालवलेला), चाकू, रुमाल, वर्तमानपत्रांची कात्रणे आणि यादवी युद्धात फुटून निघालेल्या बंडखोर दक्षिणी राज्यांची पाच डॉलरची नोट होती. कुटुंबाकडून हे सारे १९३७ मध्ये ग्रंथालयाकडे आले. लोकांना पाहायला मिळाले १९७६ मध्ये.

बडोद्याची तऱ्हा वेगळी. येथे पुस्तके हीच मुख्य ठेव. तिसऱ्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना पाचारण केले आणि राजवाड्यातील आपला सुमारे २०,००० ग्रंथांचा खासगी संग्रह मध्यवर्ती ग्रंथालयाला दिला. पोलादी मांडण्यांच्या मजल्यांना जाड काचेच्या लाद्या आहेत, त्यांतून उजेड खालपर्यंत पोचतो. महाराजांची पुस्तके बंद कपाटात न राहता रयतेच्या हाती पडली. जतनाच्या दृष्टीने हे धोक्याचेच. पण त्यांच्या स्वभावाला धरून होते.

दांडिया बाजारातील अरविंद निवास हा मुळात संस्थानचे अधिकारी खासेराव जाधव यांचा बंगला. १८९३ ते १९०६ या काळात बडोदे संस्थानच्या सेवेत असलेले अरविंद घोष (पुढे योगी अरविंद) येथे राहत. त्यांच्या देहाचे पवित्र अवशेष येथे ठेवले आहेत. सोबत ग्रंथालयही आहे. ते शोभतेही, कारण त्यांची पुस्तके मुंबईच्या राधाबाई आत्माराम सगुण यांच्यासारख्या विक्रेत्यांकडून खोके भरभरून रेल्वेने येत.

अशा वस्तूची किंमत ठरते ती दाखल नोंदीवरून: कोणी दिली, कधी, कशावरून त्यांचीच. ही साखळी तुटली की उरतो नुसता जुना चष्मा.

काही ठेवी तर ग्रंथालयापर्यंत पोचतच नाहीत. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे पुस्तकांसह सामान १९१७ मध्ये पाणतीराने (टॉर्पेडोने) बुडालेल्या जहाजाबरोबर गेले. त्याच्या भरपाईतूनच त्यांनी नोकरीसाठी बडोद्याला जाण्याचा खर्च भागवला.